हौद्यावरची खोली

तारापूर,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. स्वातीस आशीर्वाद. किती ते लिहीत नाही. 'अनेक' म्हटलं की मोजता येत नाहीत.

परवा तुझा फोन आला. प्रियंकाचं लग्न एकवीस फेब्रुवारीला, मामाने आठ दिवस आधी मिरजेला यायचं, आणि "दादा, या खेपेला लॉज नाही हं" असं तू तीन वेळा म्हणालीस. मी तिन्ही वेळा "बघू" म्हणालो. "बघू" हे उत्तर नव्हे एवढं मला कळतं, म्हणून हे पत्र. फोनवर माणूस घाईत बोलतो आणि मोबाइलवर लिहिलेलं माप अंगठ्याने पुसलं जातं. कागदावरचं राहतं.

तर राहण्याच्या सोयीचा मी नीट विचार केला. तुमच्या मिरजेतलं ते नेहमीचं लॉज मला पाठ आहे. गरम पाणी सहा ते आठ म्हणतात, येतं सव्वासातला. चादर धुतलेली असते, पण कुणासाठी धुतली होती ते कळत नाही. कार्यालयाची खोली म्हणशील, तर एका खोलीत चौदा माणसं आणि न्हाणीच्या दाराला कडीच्या जागी सुतळी. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही, मागच्या वर्षी पालघरच्या लग्नात ती सुतळी मी स्वतः धरून अंघोळ केली. तंबूचाही विचार केला. जमुना तंबूत आडवी होऊ शकते, पण तिच्या गुडघ्यांमुळे तिला उठवायला दोन माणसं लागतील आणि तंबूत जागा दोघांचीच. होमस्टे नावाचं एक नवीन निघालंय. त्यात दुसऱ्याच्या आजोबांच्या फोटोखाली झोपायचं आणि सकाळी घरमालकीण समोर उभी राहून विचारते, "पोहे आवडले ना?" माणूस खोटं बोलणार नाही तर काय करणार?

म्हणून मी ठरवलंय ते असं. आपल्या पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यावर बसेल अशी एक खोली बांधायची. गाडीला जोडलेली नाही. चार पायांवर उभी राहणारी. गाडी खालून मागे घ्यायची, खोली हौद्यात उतरवायची, चार बोल्ट आवळायचे की निघालो. पोचल्यावर गाडी काढून घेतली तरी खोली आपल्या पायांवर उभी. हौदा आतून आठ फूट तीन इंच बाय साडेपाच फूट. पलंग ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर पुढे काढला की खाली बसायला, चहा करायला जागा सुटते. परदेशात लोक अशा खोल्या घेऊन फिरतात. तिकडे त्या कारखान्यात होतात. ही बोईसरला होईल, माझ्या शेडमध्ये, माझ्या हाताने. चित्र सोबत जोडलंय. त्यातली तुटक रेघ म्हणजे पडदा.

रामनाथरावांना नमस्कार सांग.

तुझा,
दादा

•

मिरज,
२७ नोव्हेंबर २०२४

ती. दादास सा. न.

पत्र मिळालं. चित्र फ्रिजवर लावलंय. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई विचारत होत्या, "कोंबड्यांचं खुराडं करताय का ताई?" मी म्हटलं, नाही, यात माझा मोठा भाऊ राहणार आहे. त्यांनी चित्र पुन्हा एकदा नीट पाहिलं.

दादा, तू लॉज लिहिलंस, कार्यालय लिहिलंस, तंबू लिहिलास, परक्या आजोबांचा फोटोही लिहिलास. एवढ्या सगळ्यात एक जागा राहिली. तुझ्या बहिणीचं घर. तीन खोल्या, हॉल, मागे अंगण, गरम पाणी दिवसभर. माझ्याकडचे आजोबा तुझेच आहेत.

आमची वास्तुशांत झाली त्याला नऊ वर्षं झाली. त्या वेळी तू राहिला होतास. त्यानंतर तीनदा मिरजेला आलास आणि तिन्ही वेळा लॉजवर उतरलास. एकदा म्हणालास पंखा वाजतो. मी पंखा बदलला. एकदा म्हणालास तुझं घोरणं आम्हाला सोसणार नाही. आई तर म्हणायची, तू घोरत नाहीस, झोपेतही मोजत असतोस. मला वाटतं खरं कारण मासळी आहे. मिरजेला आलास की दोन दिवसांत तुझं तोंड उतरतं हे मी पाहिलंय. तसं असेल तर सांग. आम्ही सगळे आठ दिवस सुक्या बोंबलाच्या वासात राहायला तयार आहोत. 'हे' पण.

वहिनीला म्हणावं, तिने तरी माझ्याकडे झोपावं.

तुझी,
स्वाती

•

तारापूर,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. स्वातीस आशीर्वाद.

पहिली गोष्ट, मासळीचा प्रश्नच नाही. सातपाटीचे सुके बोंबील मी बरोबर आणणार आहे आणि त्यासाठी खोलीत वेगळा कप्पा केलाय. त्याच्या झाकणाला रबराची पट्टी आहे. आत बोंबील ठेवून बाहेर शेडमधल्या जिवल्याला नाक लावायला सांगितलं, त्याला फक्त रबराचा वास आला.

दुसरी गोष्ट. तुझं घर मी लिहिलं नाही कारण मी सोयींची तुलना करत होतो. घर ही सोय नव्हे. दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एका मापाने मोजत नाहीत.

खोली उभी राहिली. सांगाडा एक इंची चौकोनी पाइपाचा, बाहेरून पत्रा, आतून प्लाय, मध्ये फोम. उभं राहायला सहा फूट एक इंच. मी पाच फूट सात. उरलेले सहा इंच टाळू आणि छप्पर यांच्यातल्या सभ्यतेसाठी. काल वजनकाट्यावर चढवली, तीनशे अठ्ठ्याऐंशी किलो भरली. मी चारशेचा अंदाज धरला होता. जिवल्या म्हणजे माझ्याकडे बावीस वर्षं वेल्डिंग करणारा, जव्हारकडचा. दाराची बिजागरी लावताना तो म्हणाला, "शेट, तुमी बहिणीकडं चाल्ले का लढायला?" मी त्याला बिजागरी दोन सूत वर घ्यायला सांगितली. इंचाचे आठ सूत, म्हणजे चूक पाव इंचाची होती. बोलणारा माणूस माप चुकतोच.

चाचणीही झाली. जमुनाच्या माहेरी, दातिवऱ्याला, मेव्हण्याच्या वाडीत गाडी उभी केली. रात्रभर समुद्राचा वारा, पण आत पडदा हलला नाही. एवढं चांगलं झालं असताना सकाळी मेव्हण्याची बायको कमळी चहाची कपबशी घेऊन पायरीशी आली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावोजी, आमच्या घरात काय ढेकूण हायत का?"

मी तिला समजावलं की ही तांत्रिक चाचणी आहे. ती म्हणाली, "मग घरात झोपायची चाचणी कदी?"

जमुना तेव्हा कुठे होती म्हणशील, तर घरात. खोलीचा तळ जमिनीपासून दोन फूट आठ इंचांवर आहे. मी दोन पायऱ्यांची शिडी केलीय, पण तिने एका पायरीवर पाय ठेवला, आत डोकावली आणि बोलली, "छान हाय. तुमी झोपा." मी तिसरी पायरी जोडतोय. रामनाथरावांना नमस्कार सांग.

तुझा,
दादा

•

मिरज,
१९ डिसेंबर २०२४

ती. दादास सा. न.

तिसरी पायरी जोडू नकोस. वहिनीने मला फोन केला होता. ती माझ्याकडे झोपणार, प्रियंकाच्या खोलीत, ठरलंय. तू तेवढा अंगणात उभा राहा आपल्या पायांवर.

आमच्याकडे तुझ्या खोलीची कीर्ती पसरली. प्रियंकाच्या सासूबाई परवा साड्यांचं बोलायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, मुलीचे मामा कुठे उतरणार, आमच्याकडे एक फ्लॅट रिकामा आहे. मी म्हटलं, काळजी नको. माझा दादा बोईसरला लोखंडाचं काहीतरी करत असतो, तो येतानाच घर घेऊन येणार आहे. बाई इतक्या हसल्या की चहा सांडला. त्यांना तू आत्ताच आवडलास बघ.

फक्त एक सांगते. गल्लीतल्या लोकांनी विचारलं की भाऊ अंगणात का झोपतो, तर काय सांगू ते लिहून पाठव. मापासकट.

तुझी,
स्वाती

•

तारापूर,
२९ डिसेंबर २०२४

सौ. स्वातीस,

लोखंडाचं काहीतरी पूर्ण झालं.

आठ दिवस आधी येणं जमणार नाही. शेडमध्ये कामं आहेत. वीस तारखेला रात्री पोचेन. गाडी लॉजच्या आवारात उभी करीन, म्हणजे गल्लीला काही सांगायला नको. एकवीसला मुहूर्ताच्या आधी अर्धा तास कार्यालयात असेन. मामाचं जे काम असतं ते करीन आणि जेवून निघेन.

प्रफुल्ल सावे

•

मिरज,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुल्लराव यांस सप्रेम नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. आजवर तुमच्या पत्रात मला नमस्कार असायचा आणि स्वातीच्या फोनवरून माझा जायचा. यावेळच्या पत्रात तो नव्हता. खाली 'दादा' हा शब्दही नव्हता. स्वातीने सही पाहिली, स्वयंपाकघरात गेली आणि एकच चहा दोनदा गाळला. नंतर चार दिवस काही बोलली नाही. तुमची बहीण चार दिवस गप्प म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

शेवटी तिने जमुनावहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "अगो, तो शब्द मी नऊ वर्षं घरात काढत नाय. भाजीत काहीतरी घालू का, असं पण विचारता येत नाय मला." स्वातीला तेव्हा कळलं, आणि तिच्याकडून मला.

वास्तुशांतीच्या दिवशी आमचे साहेब आले होते. मी त्यांना म्हणालो, "हे आमचे मेव्हणे, बोईसरला फॅब्रिकेशनचं काहीतरी बघतात." असं मी म्हणालो. मला आठवतं. तुम्ही हात जोडले आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेलात, तेही आठवतं. मला वाटलं जेवायला गेलात.

आता माझी बाजू, पटली तर घ्या. त्या सकाळी तुम्ही मला टिपरचा हौदा मागून कसा उचलला जातो ते पाऊण तास समजावलं होतं. मी मान हलवत होतो. प्रफुल्लराव, मला त्यातलं काहीही कळलं नव्हतं. मी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात मातीची धरणं पाहिली. माती उचलत नाही, बसते. त्याच्या आधी तुम्ही आमच्या नव्या गेटपाशी उभं राहून, नुसत्या नजरेने, "सहा सूत उतरलंय" म्हणाला होतात. मी फूटपट्टी लावून पाहिली. सहाच सूत. मी अभियंता, डिग्रीवाला, आणि घर माझं. दुपारी साहेबांसमोर तुमच्या कामाचं नाव चुकीचं घेतलं तर तुम्ही तिथल्या तिथे दुरुस्त कराल, या भीतीने मी 'काहीतरी' म्हणालो. तुम्हाला कमी लेखायला नव्हे. मला येत नव्हतं म्हणून.

स्वातीने तो शब्द चेष्टेत लिहिला, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्यावर रागावू नका. तुमचे आईवडील गेले, आता तिच्या माहेरचं म्हणावं असं एक तुम्हीच आहात. मुलीला मांडवात आणणारा मामा लॉजवरून येऊन लॉजवर गेला, तर तिला त्या मांडवात आपलं कोणी होतं असं वाटणार नाही. ती हे तुम्हाला लिहिणार नाही. चेष्टाच लिहील.

एक विनंती आहे. तुमची ओळख कशी करून द्यायची, ते एका वाक्यात लिहून पाठवा. मी तसंच्या तसं म्हणेन. फक्त एका श्वासात मावेल असं पाहा. मला थोडा दमा आहे.

तुमचा,
रामनाथ

•

तारापूर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

आदरणीय रामनाथराव यांस नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जमुनाने माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. गेट सहा सूत होतं याची तुम्ही फूटपट्टीने खात्री केली होतीत, हे तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. नऊ वर्षं वाचली असती.

ओळखीचं वाक्य. पहिला खर्डा अकरा ओळींचा झाला, त्यात दहावीला शाळा सुटली तिथपासून सुरुवात होती. जमुना म्हणाली, "तेवड्यात नवरी मांडवात येऊन बसेल." दुसरा खर्डा पाच ओळींचा. तिसरा पाठवतोय:

"हे प्रियंकाचे मामा, प्रफुल्ल सावे. बोईसरला गाड्यांचे हौदे बांधतात. कुणाकडे शिकलेले नाहीत."

'बनवतात' म्हणू नका. लाडू बनवतात. हौदा बांधतात. 'कुणाकडे'नंतर थोडं थांबलात तर चालेल, दम्याची सोय होईल आणि ऐकणाराही थांबेल.

मी पंधरा फेब्रुवारीला येतो. स्वातीला सांगा, आठ नाही, सहा दिवस आधी. दोन दिवस खरोखरच कामं आहेत. गाडी अंगणात उभी करीन. मात्र झोपेन खोलीतच. बांधलेली वस्तू वापरली नाही तर तिचा दोष कळत नाही. यात आता राग नाही, तत्त्व आहे.

मेव्हणा,
प्रफुल्ल

•

मिरज,
२८ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न.

घर शांत झालंय. मंडपवाले पाइप घेऊन गेले. त्यातले दोन वाकडे आहेत हे तू त्यांना सांगितलंस, ते त्यांनी मला जाताना पुन्हा सांगितलं.

तुझं वाक्य 'ह्यां'नी किती जणांना म्हणून दाखवलं, मोजलंस का? मी सतरापर्यंत मोजलं. व्याह्यांना दोनदा. फोटोवाल्याला, आचाऱ्याला. एकदा तर प्रियंकालाच म्हणाले, "हे प्रियंकाचे मामा," आणि ती म्हणाली, "बाबा, मी प्रियंका."

पण दादा, मी नवऱ्याला काय म्हणू? पंधरा तारखेला दुपारी तू गाडी अंगणात लावलीस, हे म्हणाले, "जरा पाच मिनिटं आत बघून येतो." तू शिडी धरलीस, दिवा कसा लावायचा दाखवलंस. पाच मिनिटांनी आतून आवाज नाही. मी डोकावले तर हे टपावरच्या पलंगावर, चप्पल खाली नीट जोडून, गाढ. उठले ते संध्याकाळी, आणि पहिलं वाक्य काय, तर "इथे कुणी हाक मारलेली ऐकू येत नाही." घरात एकोणीस पाहुणे, लग्नाचं घर, आणि घरधनी उशी काखेत घेऊन अंगणात राहायला गेला. सात दिवस! सकाळी चहा तिकडे नेऊन द्यायचा. पत्रिका तिथे बसून मोजल्या. व्याही भेटायला आले तर त्यांनाही तिथेच बसवलं. मग ते दोघं उतरेनात. पडद्याची तुटक रेघ चित्रात बरोबर कळली होती, असंही तू निघताना तुला सांगत होते.

सगळे मला विचारत होते, यजमान का रुसलेत?

आणि तू घरात. मधल्या खोलीत, खिडकीखाली. सतरंजी अंथरलीस. मला वाटलं एक रात्र, सकाळी उशी मागून घेशील आणि ह्यांना बाहेर काढशील. नाही काढलंस. का ते मी विचारलं नाही. कामं होती. आता विचारते. खरं सांग, झोप लागली का?

तुझी,
स्वाती

•

तारापूर,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. सौ. स्वातीस आशीर्वाद.

मिरजेहून परतताना वाटेत दोन मुक्काम केले. खोली उत्तम. चुलीजवळचा कप्पा चार इंच अरुंद हवा होता आणि पावसात दाराच्या वरच्या कडेला पन्हळ लागेल. बाकी दोष नाही. रामनाथरावांनी आत बसून लिहून दिलेले नऊ दोष मी वाचले. त्यांतले सात दोष नसून त्यांची उंची आहे. उरलेले दोन बरोबर आहेत. त्यांना तसं कळव, मापं त्यांनी स्वतः घेतलीत आणि बिनचूक घेतलीत.

आता तुझा प्रश्न.

पंधरा तारखेला संध्याकाळी ते उठेनात, तेव्हा मी अंगणात उभा होतो. लॉज तुमच्या घरापासून पावणेदोन किलोमीटरवर आहे. चालत बावीस मिनिटं. रिकामी खोली होती, मी येतानाच विचारलं होतं. पिशवी माझ्या हातात होती. जमुनाने दारातून पाहिलं आणि आत गेली. ती तिथेच पाहत उभी राहिली असती तर मी नक्की गेलो असतो.

तू आतून म्हणालीस, "दादा, मधल्या खोलीत जागा आहे, पण डाव्या अंगाला मुलं झोपतील, सरकून घे." पाहुण्याला असं कोणी म्हणत नाही. मी पिशवी ठेवली.

दुसऱ्या दिवशी रामनाथरावांना बाहेर काढता आलं असतं. दाराची दुसरी किल्ली माझ्या खिशात होती. तिसऱ्या दिवशीही होती. सातव्या दिवशी ती मी त्यांना देऊन टाकली.

मधली खोली अकरा फूट बाय साडेनऊ. खिडकी पूर्वेला. शेजारच्या मुलाने रात्री माझ्या पोटावर पाय टाकला, दोनदा. उशी थोडी उंच होती. हे सगळं मी लिहून ठेवलंय. पहिल्या रात्री झोप किती वाजता लागली, ते मात्र नाही. घड्याळ उशाशीच होतं, पाहायचं राहून गेलं.

तुझा,
दादा